छिन्नीचे घाव

ब्राझीलमधल्या एका डोंगरगावात पोर्तुगिजांच्या काळातली सोन्याची खाण पाहायला हेमलताबाई लेकीबरोबर चढ चढून आल्या, तेव्हा वाटाड्याने त्यांच्या गुडघ्यांवरचे पट्टे पाहिले आणि मान हलवली.

"आई, आत वाकून चालावं लागतं. तू बाहेरच बस म्हणतोय तो," ऋजुता म्हणाली.

हेमलताबाई भूगर्भशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. कॉलेजात असताना त्या वर्गाबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीवर गेल्या होत्या. बायकांना खाणीत उतरायला कायद्यानेच बंदी होती. वर्गातली मुलं खाली जाऊन आली आणि त्या एकट्या वर बसून राहिल्या.

"एकदा बसलेय बाहेर," त्या म्हणाल्या. "आज नाही बसणार."

हेल्मेट चढवून त्या वाकत, शेवटी रांगत आत पोचल्या. बॅटरीच्या उजेडात खडकातली गारगोटीची पांढरी, सोनं धरणारी शीर दिसली आणि तिच्याभोवती छिन्नीचे असंख्य घाव. गुलामांनी घातलेले, वाटाड्या म्हणाला. पस्तीस वर्षं हेमलताबाईंनी वर्गात अशी शीर फळ्यावर काढली होती. घाव कधीच काढले नव्हते. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला.

"निघायचं का?" मागून ऋजुताने विचारलं.

"थांब, वही दे. हे घाव आधी नीट उतरवून घेते."