इंजिनाचं हेड

भर उन्हाळ्यात नत्थुजी पाटलाचं पाण्याचं इंजिन काळा धूर ओकून बंद पडलं आणि संत्र्याची बाग माना टाकू लागली. गावात मिस्तरी एकच, देवमन. त्यानं इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड लोखंडी झाकण, खोललं, आत साचलेला कार्बन खरवडून साफ केला आणि म्हणाला, "आता हे इहिरीत उतरून धुवा लागते, पाटील. वजन हाय, धराले माह्या मायले बोलावतो."

वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी याच विहिरीच्या पायरीवर पाय ठेवला म्हणून पाटलानं देवमनच्या मायची, चतुराबाईची, घागर फोडली होती. फुटल्या घागरीचा तो आवाज देवमनच्या कानातून अजून गेला नव्हता.

पाटलानं वाळत्या बागेकडे पाहिलं अन् तोंड फिरवलं. "उतरा. पण लवकर करा."

मायलेक हेड घेऊन सावकाश खाली उतरले आणि त्याहून सावकाश वर आले. चतुराबाई पदरानं तोंड पुसत होती.

पाटील हेडकडे पाहतच राहिला. "अबे, हे तं कोरडंच हाय!"



"हेडचं काम तं वरच झालं होतं," सगळे नट मुठीत खुळखुळवत देवमन म्हणाला. "इहिरीत मायले पाणी प्याचं होतं. बोला पाटील, बसवू का हेड?"