प्लास्टरवाल्या बाईंची पसंती

आईने सहावा बूट दोन्ही हातांनी पिळला. ओला टॉवेल पिळावा तसा. बूट मधोमध वळला, आणि आईने तो काउंटरवर ठेवून दिला.

"चवडा गेला," ती म्हणाली.

"कुणाचा?" दुकानदाराने दचकून विचारलं.

"जो हा घालून पडेल त्याचा."

आई दवाखान्यात प्लास्टर घालायचं काम करायची. एकवीस वर्षं. पायातलं कुठलं हाड कसं मोडतं हे तिला तोंडपाठ होतं, आणि दुकानात शिरल्यापासून ती तेवढंच बघत होती. बुटाचा रंग कुठला, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

लेकीची नोकरी सोमवारी सुरू होणार होती. विम्याचं ऑफिस. दोन बस बदलून दीड तास, मोटरसायकलने पस्तीस मिनिटं. मोटरसायकल घेऊन झाली होती, लायसन्स होतं, हेल्मेट होतं. आईची एकच अट उरली होती. आपल्याला पटेल असा बूट मिळाला तर गाडी, नाहीतर बस.

अट लेकीचीही होती. ती तिने दुकानदाराला जरा हळू आवाजात सांगितली. "दिवसभर तोच घालून बसायचंय हो. पहिल्याच दिवशी आग विझवायला आल्यासारखी नको दिसायला."

त्यामुळे तासभर एकच चाललं होतं. आईला आवडेल तो गुडघ्यापर्यंत यायचा आणि त्याला तीन बकलं असायची. लेकीला आवडेल तो आई पिळायची.

सातवा बूट तपकिरी होता. घोट्याच्या वर चार बोटं, पुढे साधी लेस. कुणीही ऑफिसला घालून जावं असा. आईने घोट्याच्या जागी अंगठा दाबला. आत कडक वाटी होती, अंगठा रुतला नाही. तिने टाच दाबली, चवडा दाबला. मग पिळून बघितला. बूट हलेना. तिने पुन्हा पिळला.

लेकीने बूट पायात चढवला. आई खाली बसली, टाच तळहातावर घेतली, पाऊल काटकोनात धरलं.

"बोटं हलवून दाखवा," ती म्हणाली. "मुंग्या येताहेत का?"

"आई, मी आहे," लेक हसली.

आईला हसू आलं नाही. टाच तिने तशीच धरून ठेवली होती.

"लेस कुठेतरी अडकेल."

दुकानदाराने लेसवरून बसणारी पट्टी दाखवली.

"पाणी शिरेल."

"शिरत नाही, ताई."

"मग आत घाम येईल."

दुकानदाराने लेकीकडे बघितलं. तिने पाय हळूच आईच्या हातातून सोडवून घेतला.

"तुला पटणारच नाहीये, आई. कुठलाच."

आई उठून तिच्याशेजारी बाकावर बसली. खरंच होतं ते. असा बूट मिळायचा नाही, आपोआप सगळं बारगळेल, या भरवशावर तिने अट घातली होती. लेकीने ते बोलून दाखवल्यावर तिला लाज वाटली.

"परवा एक मुलगा आला होता," ती म्हणाली. "तुझ्याएवढाच. बूट चांगला होता गं त्याचा. कात्रीने कापून काढला मी. कापताना हाताला कळतं ना, किती चांगला आहे ते."



दुकानदार आत गेला आणि एक जुना बूट घेऊन आला. त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती.

"हा तोच, सातवा. पाच वर्षं वापरलेला. तळ बदलायला आलाय, दुसऱ्यांदा."

आईने तो हातात घेतला. सवयीने आधी खरवडल्याच्या खुणा शोधल्या, मग फाटलेली शिवण, मग काप. यातलं काहीच नव्हतं. डाव्या चवड्यावर, जिथे गिअर लागतो तिथे, चामडं काळं पडून गुळगुळीत झालं होतं. टाच एका बाजूने झिजली होती. आत हात घातला, तर पाच बोटांचे पाच खळगे लागले.

"कुणाचा?"

"गणिताच्या बाई आहेत एक. शाळा पार दुसऱ्या टोकाला. हाच घालून फळ्यापाशी उभ्या राहतात."

"कधी पडल्या नाहीत?"

"ते काही मी विचारलेलं नाही, ताई. रोज जातात आणि रोज येतात, एवढं कळतं. नाहीतर तळ कसा झिजला असता?"

आई त्या पाच खळग्यांवरून बोटं फिरवत राहिली. एकवीस वर्षांत असा बूट तिच्या टेबलावर कधी आलाच नव्हता. संध्याकाळी धड घरी पोचलेला माणूस दारात बूट काढतो आणि चहा मागतो. तो कशाला प्लास्टरच्या खोलीत येतोय? किती साधी गोष्ट, आणि ती आपल्या कधी ध्यानातच आली नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. डोळे भरून आले. लेकीने बघू नये म्हणून ती खाली वाकली, तिच्या बुटाची लेस घट्ट ओढली, दुहेरी गाठ मारली, वरून पट्टी बसवली.

"हाच द्या," ती म्हणाली.

तिचा विचार पुन्हा बदलायच्या आत दुकानदार लगबगीने खोकं शोधायला लागला.

"तळ बदलायला किती दिवस लागतात हो?" आईने विचारलं.

"अहो ताई, आत्ता तर नवा घेताय."

"सांगून ठेवा," आई म्हणाली. "झिजला की मीच घेऊन येणार आहे."