श्रुतिकेतला नवरा

रविवार, १६ जानेवारी २०००. सायंकाळचे साडेसात. नारायण पेठेतील त्या घरात श्रोते दोन.

निवृत्त अभियंते भालचंद्रपंत यांनी लिहिलेली पहिली श्रुतिका रेडिओवर लागणार होती. तिच्यातल्या वृद्ध नवऱ्याचे कामही त्यांनीच केले होते. पण पत्नीला, यमुनाबाईंना, त्यांनी यातले अवाक्षरही सांगितले नव्हते. नाव न कळता मिळालेली दाद तीच खरी, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून केबल बंद करून त्यांनी सहज लावल्यासारखा रेडिओ लावला.

श्रुतिकेतला नवरा आजारी बायकोच्या उशाशी बसून बोलत होता. "दमलीस ना? पडून राहा. मी आहे." मेथी निवडता निवडता यमुनाबाईंचा हात थांबला. पुढे तर त्यांनी डोळ्यांना पदर लावला. शेवटी निवेदक कलाकारांची नावे सांगू लागला, तेव्हा मात्र त्यांनीच बटण फिरवून रेडिओ बंद केला.

"किती मायेने बोलतात हो हे गृहस्थ. कुठे राहतात?"

भालचंद्रपंतांचा जीव भांड्यात पडला. "अगं, ते मीच."

"ते पहिल्याच वाक्याला कळलं. इथे कधी राहायला येणार, ते विचारतेय."

ही दाद समजावी की तक्रार, हे पंतांना काही केल्या उमगेना. ते तसेच उठून स्वयंपाकघरात गेले, ओट्यापाशी बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी विचारले, "अगं, साखर कुठे असते?"

एकेचाळीस वर्षांच्या संसारात पंतांनी केलेले चहा: त्या संध्याकाळचा धरून एक.