पाठमोरा घाट

राजहरा टेकडीच्या शेवटच्या वळणावर शालिकरामच्या ट्रकची पुढची चाकं पुन्हा जमिनीवरून सुटू लागली. खाणीतल्या खोदयंत्राचा लांब पोलादी हात मागच्या फाळक्याबाहेर लोंबत होता. चढावर त्याचं वजन मागे ओढत होतं आणि ट्रक स्टिअरिंगला जुमानत नव्हता.

भिलाईच्या पोलाद कारखान्यात पहिली भट्टी पेटायच्या बेतात होती. वर खाणीत तिच्यासाठी खनिज काढणारं यंत्र या हातावाचून बंद उभं होतं. गेल्या खेपेला शालिकराम माल वर न पोचवताच इथून मागे फिरला होता. आज परतला तर उद्यापासून ट्रक सोडून पाण्याचा टँकर चालवायचा, असं मुकादम पंजाबरावांनी सकाळी सगळ्यांसमोर बजावलं होतं. ते आता वळणावर उभे होते.

"काहून बे, सुटला का दम?"

शालिकरामने ट्रक हळूहळू खालच्या रुंद जागेत आणला आणि त्याचं तोंड खाली भिलाईकडे फिरवलं.

"चालला परत!" पंजाबराव ओरडले. "जाय, टँकर धुऊन ठेव!"

शालिकरामने मान बाहेर काढली. "परत नाही जात, काका. रिव्हर्समंदी चढवतो. पुढची चाकं दबून राहतीन. अन् गाडी बंद पडून खाली घसरलीच, तं मले रस्ता तं दिसन."

"अन् मांगचं कोण पाहीन?"

"तुमी."

चाकाला लावायचा दगड घेऊन मजूर पंचफुला बाजूला उभी होती. "भाऊ, आता दगड पुढं लावू का मांगं?"

"उताराकडं लाव, बाई. उतार काही फिरला नाही."

ट्रक गुरगुरत, वीत वीत वर सरकू लागला. पंजाबराव उलट्या पावलांनी घाट चढत होते. "दाब! डावीकडं! अरे, आता तुही-माही डावी एकच!"

कडेची खडी सुटून दरीत गेली. ट्रक थांबला. पंचफुलाने दगड लावला. पुन्हा गुरगुर. स्टिअरिंग हातात जड लागत होतं. शालिकरामला तेच हवं होतं.

माथ्यावर खाणीतली माणसं हार घेऊन ताटकळली होती. आधी पोलादी हात वर आला. मग ओरडून घसा बसलेले पंजाबराव, मग फाळका. ढोल वाजू लागला. सगळ्यात शेवटी आला शालिकराम, अजून उताराकडेच पाहत.