पितळेची कडी

लेक पाच वर्षांची झाली तरी तिला बोलणं जमत नव्हतं. कान चांगले होते, पण तोंडातून शब्दाच्या जागी नुसता आवाज यायचा. म्हणून तिच्या आईनं तिला फ्रॉकवरून करदोडा बांधला आणि त्याला तीन वस्तू अडकवल्या. चिंचोका म्हणजे भूक, चिंधी म्हणजे झोप, डाव्या बाजूची पितळेची कडी म्हणजे तहान. जे पाहिजे त्यावर लेक बोट ठेवायची. चुलतभावाच्या लग्नाला सुलतानपूरला मी एकटाच तिला घेऊन निघालो, कारण बायको बाळंतीण होती. ती बाजेवरून म्हणाली, “करदोडा काढू नका, तेच तिचं बोलनं हाये.” यष्टीतून उतरल्या उतरल्या मी तो सोडला आणि खिशात टाकला. चार लोकांत हसं नको होतं. दुपारी मांडवात लेक माझ्यापुढे उभी राहिली आणि फ्रॉकवर डावीकडे, रिकाम्या जागी, बोट दाबू लागली. मला लगेच समजलं. शेजारी बसलेल्या काकूनं विचारलं, “काय म्हन्ते पोरगी?” सोयरे वळून पाहू लागले. मी म्हणालो, “पोट दुखून राह्यलं तिचं.” काकूनं बटव्यातलं ओवा-मीठ काढून तिच्या तोंडात चिमूटभर घातलं. डोळ्यांत पाणी आलं तरी लेकीनं ते चावून गिळलं, आणि माझ्याकडे बघत पुन्हा तिथंच बोट दाबलं. काकूनं दुसरी चिमूट पुढे केली. खिशात कडी माझ्या मुठीत होती. लेकीनं हळूच बोट काढून घेतलं. काकू म्हणाली, “पाहा, थांबलं दुखनं.”