खुळ्याचा डॉक्टर

"राग ही कोल्हापूरच्या मातीची देणगी हाय. तो तुरुंगात मावत न्हाय आन् दवाखान्यात उतरत न्हाय," असं गणपतरावांनी भर पोलीस चौकीत जाहीर केलं आणि भारदस्तपणे बाकावर टेकले. बाकाला सकाळीच रंग दिला होता. ते उठले तेव्हा पांढऱ्या धोतरावर हिरव्या रेघा होत्या आणि मातीची देणगी तोंडावर.

"रंग ओला हाय, पावणं," हवालदार निशिगंधा म्हणाली. "आधीच सांगणार होते. पण तुमचं भाषण चाललंतं."

उजैर उभाच होता. उजवा हात प्लास्टरात, गळ्यात अडकवलेला. हात मोडणारा अमरसिंह, म्हणजे गणपतरावांचा पुतण्या आणि उजैरचा बालवाडीपासूनचा दोस्त, समोरच्या भिंतीला टेकून फरशीकडे बघत होता. भांडणाचं कारण मोठं होतं. परवा दूध कट्ट्यावर अमरसिंहानं म्हशीची धार काढून ग्लास हातात दिला आणि उजैर म्हणाला, "आज फेस कमी हाय." म्हशीनं ऐकून घेतलं. अमरसिंहानं घेतलं नाही. दुधाची चरवी उचलली आणि हाणली.

उजैरला हाडाचं फारसं वाटत नव्हतं. हाड जुळतं. पण मागं अशाच एका रागात रिक्षावाल्याचा दात गेला होता. आता हात गेला. पुढं कुणाचं तरी डोकं जाणार. तक्रार दिली तर दोस्त आत्ता जायचा, नाही दिली तर नंतर.

"बोला," निशिगंधा म्हणाली. "तक्रार घेऊ, का ह्यांना रागाच्या डॉक्टरकडं न्हेताय?"

"तक्रार घ्या," अमरसिंहच म्हणाला. "कळंब्याला जातो मी."

"जेल हाय ते, मर्दा. दाजीपूरची सहल न्हाय," उजैर म्हणाला.

"आसू दे. कळंब्यास्नं आलेल्याला पेठेत बोलवून च्या पाजत्यात. खुळ्याच्या डॉक्टरकडनं आलेल्याला पोरगी कोण देतंय?"

"तुझं लगीन हून दोन पोरं झाल्यात."

"मी तत्त्वाचं बोलतोय."

गणपतरावांनी मान डोलावली. त्यांच्या घराण्यात दोघं आत जाऊन आले होते. त्यातला एक तर पुढं निवडूनही आला. डॉक्टरची गरज मात्र कधी कुणाला पडली नाही, असं ते नेहमी सांगत. सांगताना एखादा कप फुटायचा, तेवढंच.

उजैर निशिगंधाच्या टेबलापाशी सरकला.

"मॅडम, मग खुळा मी," तो म्हणाला. "कट्ट्यावर हुभा ऱ्हाऊन ह्याला 'फेस कमी' म्हणणारा माणूस शाणा कसा आसंल? मला न्ह्याया पायजे डॉक्टरकडं. पर ह्या हातानं गाडी चालवता येत न्हाय. अमऱ्या, तू सोड मला. आत संगट बस. डॉक्टर इचारतील त्याची उत्तरंबी तूच दे. मला लाज वाटती."

अमरसिंहानं पहिल्यांदा मान वर केली.

"म्हंजे सोबत म्हणून येऊ?"

"सोबत म्हणून."

"किती खेपा?"

"खूळ जाईस्तवर."

"आन् पेठेत कुणी इचारलं, खुळा कोण, तर?"

"मी. चौकात हुभा ऱ्हाऊन सांगतो."

अमरसिंहानं बाह्या सावरल्या. "आता दोस्तच म्हटल्यावर न्हेलंच पायजे की," तो निशिगंधाला म्हणाला. "लई दिवस बघतोय मी. बिघडलाय ह्यो."

निशिगंधा खिडकीकडं वळली. तिचे खांदे हलत होते. गणपतरावांनी उजैरच्या पाठीवर हात ठेवला आणि गहिवरून म्हणाले, "घाबरू नगंस, पोरा. बरा हुशील."

अमरसिंह जवळ आला. त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं. ओठ हलले, डोळे भरून आले.

"उजैर, गड्या, मी..."

"ते ऱ्हाऊ दे," उजैरनं प्लास्टरातला हात त्याच्यापुढं धरला. "आत लई खाजतंय. टेबलावरची ती फूटपट्टी घे आन् जरा खाजव. हळू."