टपली

यंत्र तिसऱ्यांदा थांबलं.

वर तांबडा दिवा लागला. खोकी उचलणारा लोखंडी हात हवेतच अडकून राहिला. पण सगळ्या हॉलची नजर गेली ती दुसऱ्याच हाताकडे. तो हाडामांसाचा होता, सुनेच्या सासूचा, आणि चोरी पकडल्यासारखा घाईघाईने मागे येत होता.

"गेला गं पुन्हा," सासू म्हणाली. "मेला ऐकतच नाही."

सासूची निम्मी हयात या टेबलावर खोकी भरण्यात गेली होती. खोकं बंद केलं की त्याचा उजवा कोपरा हटकून वर यायचा आणि सासू त्याला एक टपली मारायची. सगळा हॉल तिला टपलीमावशीच म्हणे. घरी नातवाला थोपटून झालं की शेवटी एक टपली ठरलेली. सून तंत्रज्ञाची परीक्षा पास झाली तेव्हा तिच्याही डोक्यावर एक बसली होती. आता तो कोपरा यंत्रातला रूळ दाबत होता. सासूच्या डोक्याला हे कळलं होतं, पण हाताला कोण सांगणार?

यंत्राच्या दोन बाजूंना पिवळे खांब होते आणि त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. त्यात नुसतं बोट गेलं तरी यंत्र जागच्या जागी थांबे. पडदा सुनेनेच बसवला होता, आणि चोख बसवला होता. आज यंत्र सलग एक तास चाललं तर तिची उमेदवारी संपून ती पक्की होणार होती. मध्ये थांबलं की तास पुन्हा पहिल्यापासून. आणि जमलंच नाही तर दोन वर्षांचं शिक्षण गुंडाळून घरी बसायचं. यंत्र चाललं तर टेबलावरच्या बायकांचं काय, हे कोणी विचारत नव्हतं. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

माणसाच्या वाट्याला एवढंच काम उरलं होतं: कोऱ्या पुठ्ठ्यांची चळत यंत्राच्या खाचेत भरत राहायचं. आज ते सासूकडे होतं, आणि त्याला डावा हात पुरे होता. उजवा रिकामा होता, आणि रिकामा हात गप्प बसतोय थोडाच.

चाचणी घेणारे साहेब घड्याळ बघत सुनेजवळ आले.

"या बाई मुद्दाम करतायत का? तसं असेल तर सांगा. आत्ताच्या आत्ता गेटबाहेर काढतो."

"नाही साहेब. सवय आहे त्यांची."

"बरं. शेवटचा तास देतो. यानंतर नाही."

नाही म्हणाली खरी, पण मन चिंती ते वैरी न चिंती. यंत्र अडलं तर कुणाचं काम वाचणार होतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पडदा बंद करायची किल्ली सुनेच्याच खिशात होती. एकच तास बंद ठेवला तर कुणाला कळणार होतं? तिने किल्ली चाचपली. मग तिला तो लोखंडी हात खाली येताना दिसला, त्याच्याखाली सासूची बोटं दिसली आणि चटका बसावा तसा तिने हात खिशातून काढला. तिला स्वतःचीच भीती वाटली.

ती सासूजवळ गेली.

"अहो आई," ती अगदी हळू म्हणाली, "मुद्दाम तर नाही ना करत?"

म्हणाली आणि जीभ चावली. सासूने तिच्याकडे पाहिलं. सासू रागावली नाही, तेच सुनेला जास्त लागलं.

"मुद्दाम करायचं असतं ना, तर तुझ्या परीक्षेच्या दिवशीच पोराला ताप आलाय म्हणून बोंब मारली असती. एवढं लांब येऊ दिलं असतं होय तुला?" सासूने पुठ्ठे खाली ठेवले. "वायरी बांधायच्या त्या काळ्या पट्ट्या आहेत ना तुझ्या खिशात? काढ एक. हा हात माझ्या कमरपट्ट्याला बांध."

"अहो आई, काहीतरीच काय!"

"बांध म्हणते ना. आणि घट्ट बांध. मी ओळखते याला."

केसाएवढ्या तारा जोडणाऱ्या सुनेला पट्टीचं टोक खाचेत घालता येईना.

"वायरीपण अशाच जोडतेस की काय गं?" सासू म्हणाली. शेजारच्या दोघी हसल्या.

पट्टी कटकट करत आवळली गेली. हिरवा दिवा लागला.

सुनेने बघायचे होते ते यंत्राचे आकडे. ती बघत होती सासूचा खांदा. दर खोक्यामागे तो एकदा उडायचा आणि पट्टी ताणली जायची. डावा हात निमूटपणे पुठ्ठे भरत होता. असा एक तास गेला. दिवा हिरवाच राहिला.

"अभिनंदन," साहेब म्हणाले. "आजपासून तुम्ही पक्क्या."

टेबलावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मनापासून वाजवल्या, म्हणून सुनेला मान वर करवेना. ती कात्री घेऊन सासूकडे धावली. मनगटावर लाल वळ उठला होता.

"अहो आई, आणा, पट्टी कापते."

यंत्र चालूच होतं. समोरून एक खोकं गेलं. खांदा उडाला.

"राहू दे गं," डाव्या हाताने पुठ्ठे उचलत सासू म्हणाली. "सुट्टी व्हायला वेळ आहे अजून."